वर्षातून एक शर्यत पुरणार नाही, कायमचं रिंगण हवं

महाराष्ट्रात मोटारसायकलच्या डर्ट ट्रॅक (मातीच्या रिंगणातल्या) आणि सुपरक्रॉस (उंचवट्यांवरून उड्या मारायच्या) शर्यती भरवणाऱ्या सर्व क्लबांना आणि आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

एक शर्यत उभी करायला किती उस्तवार लागते, हे मी बऱ्यापैकी जवळून पाहिलंय. मैदान मिळवायचं, पोलिसांची परवानगी काढायची, रात्रभर जेसीबी चालवून मुरमाचे जंप उभे करायचे, धूळ बसावी म्हणून टँकर मारायचे, अँब्युलन्स आणायची, प्रायोजकाचे फ्लेक्स लावायचे. शनिवार-रविवार मैदान दणाणून जातं. सोमवारी तोच जेसीबी सगळे जंप सपाट करतो आणि मैदान मालकाच्या ताब्यात जातं. पुढची शर्यत पुढच्या वर्षी, तीही प्रायोजक मिळाला तर. तुमच्या या कष्टांची मला मनापासून कदर आहे, आणि म्हणूनच हे पत्र सरकारला किंवा कुठल्या महासंघाला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

मागणं एकच आहे. जंप नसलेलं, लंबगोल, साधारण ३०० मीटरचं एक रिंगण बांधा आणि ते मोडू नका. तिथे दर आठवड्याला पोरांना गाडी फिरवू द्या आणि शिकवायला एखादा जुना रायडर उभा करा. बक्षिसाची रक्कम नंतर वाढवता येईल.

हे मागणं माझ्या डोक्यात आलं ते न्यूझीलंडच्या आयव्हन मेजरची कारकीर्द वाचत गेल्यामुळे. (मेजर हे आडनाव आहे, हुद्दा नव्हे.) जन्म ४ ऑक्टोबर १९३९, गाव ख्राइस्टचर्च. स्पीडवेचा जगज्जेता तो सहा वेळा झाला : १९६८, १९६९, १९७०, १९७२, १९७७ आणि १९७९. त्याखेरीज लाँग ट्रॅकचं जागतिक विजेतेपद तीनदा. १९७२ साली तर दोन्ही मुकुट एकाच वेळी त्याच्या डोक्यावर होते. आपल्याकडे मोटारसायकलवर जीव टाकणाऱ्या पोरांनासुद्धा हे नाव ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

स्पीडवे आपल्या सुपरक्रॉसपेक्षा अगदी वेगळा खेळ आहे. रिंगणात चार रायडर, फेऱ्या चार, घड्याळाच्या उलट दिशेने. गाडी ५०० सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक नाही. पुढे नाही, मागेही नाही. सगळा मामला साधारण मिनिटभरात आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथा रिकाम्या हाताने परत.

ब्रेक नसताना वळण कसं घेतात, ते बघण्यासारखं असतं. सरळ पट्टी संपायच्या आधीच रायडर गाडी डावीकडे झुकवतो आणि मागचं चाक मुद्दाम बाहेर सोडतो. वळण डावीकडे, पण पुढचं चाक उजवीकडे वळलेलं. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो, तो जमिनीवर घासत जातो. उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर चालूच. भीतीने तो झटकन सोडला, की मागच्या चाकाला एकदम पकड मिळते आणि गाडी रायडरला उचलून फेकते. म्हणजे जिथे नवख्या माणसाचा हात आपोआप मागे येतो, नेमकी तिथेच मूठ पिळून धरायची असते. हे कुणी सांगून कळत नाही. शेकडो वेळा तेच वळण घेतल्यावर अंगात भिनतं.

लाँग ट्रॅक हे त्याचंच मोठं रूप. रिंगण ८०० ते १००० मीटरपर्यंतचं, गाडीला दोन गिअर, सरळ पट्टीवर वेग ताशी १५० किलोमीटरच्याही वर, ब्रेक तिथेही नाही. जर्मनीतल्या म्यूलडॉर्फ, हेर्क्सहाइम, शेसेल अशा लहान गावांत या शर्यतींची परंपरा आहे. म्यूलडॉर्फचं रिंगण तर मुळात घोड्यांच्या शर्यतीचं. लाँग ट्रॅकची अधिकृत जागतिक स्पर्धा १९७१ मध्ये सुरू झाली. ती पहिली स्पर्धा मेजरने ओस्लोला जिंकली, दुसरी म्यूलडॉर्फला.

आता ख्राइस्टचर्चकडे वळतो, कारण माझं म्हणणं तिथेच मुरलेलं आहे. १९५४ ते १९७९ या काळात स्पीडवेचे २६ जागतिक अंतिम सामने झाले. त्यातले १२ या एका शहरातल्या तिघांनी जिंकले. रॉनी मूरने दोन, बॅरी ब्रिग्जने चार, मेजरने सहा. त्या काळचं ख्राइस्टचर्च आजच्या कोल्हापूरपेक्षा लहान होतं, आणि ज्या इंग्लंडमध्ये हा खेळ पोट भरण्याइतका पैसा देत होता, ते बोटीने कित्येक आठवड्यांच्या अंतरावर. मग इतके जगज्जेते तिथेच का निपजले? तिथल्या मातीत काही विशेष होतं असं मला वाटत नाही. शहराच्या कडेला अरानुई नावाच्या भागात एक रिंगण होतं. मूर तिथे घडला, कोवळ्या वयात इंग्लंडला गेला आणि अवघ्या सतराव्या वर्षी जागतिक अंतिम सामन्यात पोचला. मागे राहिलेल्या पोरांना मग ते स्वप्न दूरचं वाटेना. आपल्याच रिंगणात फिरणारा ओळखीतला मुलगा तिकडे जाऊन नाव काढतो, तर आपणही जाऊ. ब्रिग्ज गेला. त्यांच्या मागोमाग मेजरही गेला.

आणि सपशेल पडला. १९५७ साली, सतराव्या वर्षी, नुकतंच लग्न झालेल्या बायकोला घेऊन तो लंडनच्या विम्बल्डन क्लबात दाखल झाला. संघात जागा मिळाली नाही. स्टेडियमवर पडेल ते काम करायचं आणि मुख्य सामना संपल्यावर नवशिक्यांसाठी ज्या शर्यती लावत, त्यात गाडी फिरवायची, एवढंच वाट्याला आलं. शेवटी तो परत निघाला. आपल्याकडे अशा मुलाची गोष्ट इथेच संपते. एखाद-दुसऱ्या शर्यतीत काही जमलं नाही, की घरचे गाडी विकायला लावतात, आणि त्यात त्यांची तरी काय चूक? पुढची संधी कधी येणार, हेच कुणाला ठाऊक नसतं. मेजरला मात्र परतल्यावर न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली रिंगणं खुली होती. तो तिथे फिरत राहिला, जिंकत राहिला, आणि १९६३ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेला. या खेपेला उत्तरेकडच्या न्यूकॅसलला, खालच्या दर्जाच्या प्रांतिक लीगमध्ये. त्या लीगचं वैयक्तिक अजिंक्यपद त्याने १९६३ आणि १९६४, दोन्ही वर्षी घेतलं. १९६६ च्या जागतिक अंतिम सामन्यात चौथा, १९६७ मध्ये तिसरा, १९६८ मध्ये गोथेनबर्गला पहिला. पाचही शर्यती जिंकून पूर्ण १५ गुण.

लंडनमधून रिकाम्या हाताने निघाल्यापासून जगज्जेता होईपर्यंत दहा वर्षं गेली. ही दहा वर्षं फुकट गेली नाहीत, कारण त्यातला प्रत्येक हंगाम गाडीवर गेला. इंग्लंडमध्ये प्रत्येक क्लबाचा शर्यतीचा वार ठरलेला असे. मेजर १९६९ ते १९७२ मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघात होता. तिथे शनिवार म्हणजे स्पीडवेचा दिवस. एका सामन्यात १३ हीट, म्हणजे छोट्या शर्यती, संघाच्या मुख्य रायडरला त्यात चार-पाच वेळा तरी रिंगणात उतरावं लागे, आणि आठवड्यात असे अनेक सामने. बेल व्ह्यूने १९७० पासून लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकली. हंगामाच्या अखेरीला जागतिक अंतिम सामना व्हायचा, एका संध्याकाळचा. पण तिथे उभा राहणारा माणूस वर्षभर गाडीवरून उतरलेलाच नसायचा.

स्टार्टचं उदाहरण घ्या. स्पीडवेत चार रायडर आडव्या बांधलेल्या फितीसमोर उभे राहतात. फीत वर उडाली की सुटायचं. ती उडायच्या आत स्पर्श झाला तर बाद. मिनिटभराच्या शर्यतीत पहिल्या वळणावर पुढे कोण, यावरच बहुतेक निकाल लागतो, कारण मागच्याच्या तोंडावर समोरच्या चाकाची माती येत असते. मेजर या स्टार्टचा उस्ताद होता. आपल्या जागेवरची माती बुटाने उकरून, दाबून चाकाला पकड मिळेल अशी करून घ्यायची, फीत सोडणाऱ्याच्या हालचालीवर लक्ष ठेवायचं, क्लच कुठे पकडतो ते बोटांना ठाऊक हवं. कपडे, गाडी, हत्यारं, सगळं चकचकीत. पिटमधली, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेतली, हौशी टोळक्याची अवकळा त्याला खपत नसे. हा धंदा आहे, तो धंद्यासारखाच करायचा, अशा वृत्तीने तो वागला, आणि त्याच्या मागून आलेल्यांनीही ती शिस्त उचलली.

सगळंच सोन्यासारखं झालं असंही नाही. १९७३ चा अंतिम सामना पोलंडमधल्या खोजूफच्या प्रचंड स्टेडियमवर होता, प्रेक्षक लाखाच्या वर. मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकियेल यांचे गुण समसमान झाले, म्हणून दोघांचीच निर्णायक शर्यत लावली. पुढे जायच्या प्रयत्नात मेजरचं पुढचं चाक श्चाकियेलच्या मागच्या चाकाला लागलं आणि तो पडला. जगज्जेतेपद पोलंडला गेलं. पुढच्या वर्षीही तो दुसराच आला. त्यानंतर तरुण पोरं वर आली आणि मेजरचे दिवस भरले असं सगळे धरून चालले. १९७७ मध्ये गोथेनबर्गला, पावसात, तो पाचव्यांदा जिंकला. त्या दिवशी इंग्लंडचा पीटर कॉलिन्स मोडक्या पायाने शर्यतीत उतरून दुसरा आला होता, तेही विसरता येत नाही. आणि १९७९ मध्ये त्याच खोजूफला, जिथे सहा वर्षांपूर्वी मातीत लोळला होता, तिथे मेजर सहाव्यांदा जगज्जेता झाला. चाळिसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

माझ्या मागण्यातला दुसरा भाग म्हणजे शिकवणारा माणूस. १९६७ मध्ये ओले ओल्सेन नावाचा एक डॅनिश तरुण न्यूकॅसलच्या संघात आला. मेजरने त्याला हाताखाली घेतलं. चारच वर्षांत, १९७१ मध्ये, त्याच ओल्सेनने मेजरला मागे टाकून जागतिक विजेतेपद नेलं, आणि पुढे आणखी दोनदा नेलं. आपल्या पोटावर पाय देऊ शकेल अशा पोराला शिकवायला छाती लागते. ओल्सेननेही ते ऋण आपल्यापुरतं ठेवलं नाही. त्याने डेन्मार्कमध्ये वोयेन्स इथे १९७५ मध्ये स्वतःचं रिंगण उभारलं. तिकडे लहान मुलांना ८० सीसीच्या छोट्या गाड्यांवर हा खेळ शिकवला जायचा. १९८४ ते १९८९ ही सहाच्या सहा वर्षं जगज्जेता डॅनिश होता. एरिक गुंडरसन तीनदा, हान्स नील्सन तीनदा. गुंडरसनने १९८४ मध्ये मेजरसारखेच स्पीडवे आणि लाँग ट्रॅक हे दोन्ही मुकुट एका वर्षात घेतले. ओल्सेनच्या आधी या देशाकडे स्पीडवेचा एकही जगज्जेता नव्हता.

कोल्हापूरकरांना हे नव्याने पटवून द्यायला नको. पैलवान खासबागेच्या मैदानात दिसतो, पण घडतो तालमीत, रोज पहाटे, वस्तादाच्या नजरेखाली. आपण मोटारसायकलच्या शर्यतींची मैदानं भरवली, पण तालीम एकही काढली नाही. पुण्या-नाशिकच्या पोरांनी सुपरक्रॉसमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव काढलंय, ते या उणिवेवर मात करून, घरच्यांच्या खिशातून पैसे घालून. ज्यांच्या घरी तेवढा पैसा नाही, त्यांच्यातले किती जण सुरूच करू शकले नाहीत, याचा विचार करा.

तुम्ही लगेच खर्चाचं विचाराल. ३०० मीटरचं रिंगण शाळा-कॉलेजच्या ४०० मीटरच्या धावपट्टीपेक्षा लहान असतं. जंप बांधायचे नाहीत, म्हणजे दर वेळी जेसीबीचं भाडं नाही. मुरूम पसरायचा, रोलर फिरवायचा, पाणी मारायचं, शर्यतींच्या मधे दाताळं ओढून माती सारखी करायची. सुरुवातीला ५०० सीसीच्या खास गाड्या आणायची गरज नाही. १०० ते १५० सीसीच्या जुन्या गाड्यांचे दिवे, मडगार्ड, इंडिकेटर उतरवा, हँडल रुंद करा, कामाला लागा. त्या छोट्या गाड्यांचे ब्रेक नवशिक्यांसाठी असू द्यावेत. ब्रेकविना पळायचं की नाही हे पुढचं पुढे.

आणि पुढे खरी स्पीडवेची गाडी करायची वेळ आलीच, तर ते यंत्र फार सोपं आहे. एक सिलिंडर, एक गिअर, हलकी फ्रेम, बॅटरी नाही, बघायला गेलं तर काहीच नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर हात बसलेली जी माणसं आहेत, त्यांना असली फ्रेम करणं अवघड जाईल असं मला वाटत नाही. मेजरच्या काळात या खेळावर राज्य करणारी गाडी होती जावा, हो, तीच जावा. चेकोस्लोव्हाकियातल्या दिविशोव्ह गावच्या एसो कारखान्यात स्पीडवेची इंजिनं बनत, तो कारखाना १९६४ मध्ये जावाने घेतला. त्याच नावाच्या गाड्या तेव्हा आपल्याकडे म्हैसूरला तयार होत होत्या आणि महाराष्ट्रातल्या गावोगावी धडधडत होत्या. मेजर लागोपाठ तीनदा जगज्जेता झाला तर त्याच्या गाडीला सोन्याचा मुलामा देऊ, असा शब्द दोन अमेरिकन चाहत्यांनी दिला होता. १९७० मध्ये व्रोत्सवाफला त्याने तिसरं विजेतेपद घेतलं, पुन्हा पूर्ण १५ गुणांनी, आणि चाहत्यांनी शब्द पाळला. ती सोनेरी गाडी त्याने आपल्या गावच्या कँटरबरी म्युझियमला दिली.

धोक्याबद्दल आडपडदा ठेवत नाही. १७ सप्टेंबर १९८९ रोजी इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला सांघिक जागतिक स्पर्धेच्या पहिल्याच हीटमध्ये, पहिल्याच वळणावर, गाड्या एकमेकींवर आदळल्या. तीन वेळचा जगज्जेता गुंडरसन कसाबसा जिवंत वाचला, खूप झगडून पुन्हा चालू लागला, पण त्याचं रेसिंग तिथेच संपलं. रॉनी मूरची कारकीर्दही ऑस्ट्रेलियात डोक्याला झालेल्या गंभीर दुखापतीने थांबली. मोठ्या स्पर्धांत आता वळणांवर हवा भरलेलं कुंपण असतं, ते अशा अपघातांतून शिकूनच आलं. म्हणून कुंपणावर पैसा वाचवू नका. एका शर्यतीला वळणाच्या बाहेर प्रेक्षक फक्त बांबू आणि दोरीच्या मागे उभे होते, त्यात कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या. माझं शर्यतीत लक्ष लागेना. कायमचं रिंगण असेल तर कुंपणही कायमचं बांधता येतं, टायरच्या राशी, मातीचा बांध, प्रेक्षकांना ठरलेलं अंतर. दोन दिवसांच्या मैदानात ते कधीच नीट होत नाही. आणि वेगाची हौस असलेली पोरं आज बायपासवर, घाटात ती भागवतातच. तिथे अँब्युलन्स उभी नसते.

मेजर १६ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात वारला. त्याची सहा विजेतेपदं मी वर लिहिली, पण तुमच्यासाठी ती सोडून १९५८ ते १९६६ ही वर्षं मला महत्त्वाची वाटतात, जेव्हा जगाला त्याचं नाव फारसं माहीत नव्हतं आणि तरी त्याला उतरायला रिंगण मिळत होतं.

तेव्हा पुढच्या हंगामाच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा. जमीन : पाच-दहा वर्षांच्या भाडेकराराने, गावाबाहेर, जिथे आवाजाची तक्रार येणार नाही अशी. माणूस : तुमच्या ओळखीत शर्यती सोडलेले, आता गॅरेज चालवणारे चांगले रायडर आहेत, त्यांच्यातल्या एकाला मानधन देऊन दर रविवारी सकाळी बोलवा. आणि फी : एवढी कमी की मेकॅनिकच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरालाही परवडेल. वर्षाच्या मोठ्या शर्यतीच्या खर्चातला काही भाग पहिल्या वर्षी इकडे वळवावा लागला तरी चालेल, प्रेक्षक म्हणून आम्ही एक वर्ष लहान मांडव सोसू. पावसाळ्यात भिजलेला मुरूम उघडीप पडल्यावर रोलरखाली चांगला दबतो. ऑक्टोबरमध्ये काम काढलं तर दिवाळीनंतर पोरं रिंगणात असतील. श्रमदानाला, कुंपणासाठी जुने टायर गोळा करायला आणि रविवारी फाटकावर बसून पावत्या फाडायला माझी तयारी आहे. माझ्यासारखे आणखीही पुष्कळ आहेत, तुम्ही हाक द्या.

आपला,
दर वर्षी तिकीट काढून येणारा एक प्रेक्षक
कोल्हापूर